शस्त्र : नित्य आणि नैमित्तिक

शस्त्राविषयी आमच्या लोकांत दोन मते आढळतात, आणि ज्यांनी शस्त्र जन्मात कधी बाळगले नाही अशा गृहस्थांचीच ती दोन्ही बहुधा असतात. पहिल्या पक्षाच्या मते शस्त्र हे पुरुषार्थाचे चिन्ह होय. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने ते आमच्या हातून गेले तेव्हापासून आमचा कणा वाकला, आणि ज्याच्या कमरेला आज ते आहे तो तेवढ्यापुरता तरी ताठ उभा असला पाहिजे, असे हा पक्ष समजतो. दुसऱ्या पक्षाच्या मते शस्त्र म्हणजे मूर्तिमंत पाप. ते ज्या घरात शिरले त्या घरात आज ना उद्या अनर्थ ठेवलेलाच. आमच्याजवळ पिस्तूल असते असे कळले, की पहिल्या पक्षाचा गृहस्थ ‘एकदा हातात घेऊन पाहू द्या’ म्हणून मागे लागतो आणि दुसऱ्या पक्षाचा आपली खुर्ची हळूच मागे सरकवतो. पहिल्यास आम्ही नाही म्हणतो, कारण परवाना आमच्या नावाचा आहे, त्यांच्या नव्हे. आणि दुसऱ्याला चहा विचारतो. परंतु वीसएक वर्षे ही वस्तू रोज अंगावर वागविल्यानंतर आमचे असे मत झाले आहे, की दोन्ही पक्ष ज्या शस्त्राविषयी बोलतात ते आमच्या कमरेला असलेले शस्त्र नव्हेच. आमचे शस्त्र निराळ्या जातीचे आहे, आणि ती जात कोणती हे सांगण्यासाठी हा लेख लिहावयाचा आहे.

आमचा धंदा सराफीचा. देशावरील एका तालुक्याच्या गावी आमची लहानशी पेढी आहे. सोने कारागिरांकडे घडणावळीस न्यावयाचे आणि तयार दागिने परत आणावयाचे, हा प्रवास तीन पिढ्या चालू आहे. आमचे वडील, ज्यांस घरीदारी सारे अण्णा म्हणत, त्यांनी १९७२ साली स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाना मिळविला आणि पुण्यातील एका परवानाधारक विक्रेत्याकडून एक जुने पिस्तूल घेतले. पुढे ३१ वर्षे ते त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होते. २००३ मध्ये अण्णा गेले. वारस म्हणून रीतसर अर्ज, चौकशी आणि हेलपाटे होऊन पुढल्या वर्षी ते आमच्या नावावर झाले. अण्णांनी मागे ठेवलेल्या वस्तूंत कसोटीचा दगड, पितळी तराजू आणि हे पिस्तूल, या तीन वस्तू आम्ही स्वतः वापरतो. खंडेनवमीला तिघांची पूजा एकाच पाटावर होते.

पिस्तूल बेल्जममधील एफ. एन. कारखान्याचे, १९१० च्या नमुन्याचे आणि ०.३२ बोअरचे आहे. ज्याने ते योजिले तो जॉन ब्राउनिंग हा अमेरिकेतील यूटा संस्थानातल्या ऑग्डन गावचा एका बंदूककाराचा मुलगा. १९२६ साली बेल्जममध्ये त्याच कारखान्यात काम करीत असता त्याचा अंत झाला. त्याने केलेल्या यंत्रांची गणती मोठी आहे. तथापि खिशातल्या वस्तूचा विचार त्याने या नमुन्यात जितका बारकाईने केला तितका फार थोड्यांनी केला असेल. याचा घोडा बाहेर दिसत नाही. मागे ढकलली गेलेली स्लाइड पुन्हा पुढे आणणारी स्प्रिंग नळीच्या भोवती गुंडाळलेली असल्यामुळे सारा आकार नळकांड्यासारखा गोळीव झाला आहे. नेम धरावयाच्या खुणादेखील वर उचललेल्या नसून स्लाइडच्या पाठीवरील एका पन्हळीत बुडविलेल्या आहेत. हेतू एवढाच, की बाहेर काढताना कापडात काही अडकू नये. वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, लांबी पंधरा-सोळा सेंटिमीटर, मॅगझिनमध्ये काडतुसे सात. अनवधानाने गोळी सुटू नये म्हणून तीन बंदोबस्त आहेत : एक अंगठ्याने लावावयाची कळ, दुसरी मुठीच्या पाठीमागची पट्टी, जी तळहाताने दाबल्याखेरीज चाप चालत नाही, आणि तिसरा असा, की मॅगझिन काढून घेतले असता पिस्तूल उडतच नाही. हा नमुना १९८० च्या दशकापर्यंत निघत होता. आपल्याकडे त्याच दशकाच्या मध्यापासून खाजगी गृहस्थांसाठी परदेशी पिस्तुलांची आयात बंद झाली. म्हणून असल्या जुन्या पिस्तुलांना आज अवाच्या सवा किंमत येते, आणि आमच्याकडे चौकशी करणाऱ्यांची वाण नाही.

आता या छोट्या शस्त्रांचा इतिहास पाहावा. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी वाघनख गेले, हे आमच्याकडील शाळेतल्या पोरासही ठाऊक असते. २०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून एक वाघनख साताऱ्यास प्रदर्शनासाठी आले. ते महाराजांनी वापरलेलेच की काय याची खात्री खुद्द ते संग्रहालयही देत नाही, तरी दर्शनाला लोक लोटले. १८६५ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या नाट्यगृहात अध्यक्ष लिंकन यांवर जे पिस्तूल झाडले गेले ते फिलाडेल्फियाच्या डेरिंजरने बनविलेले, मुठीत मावणारे आणि एकच गोळी उडविणारे होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशकात विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यास गोळ्या घातल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलाच्या. २८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ज्या पिस्तुलाने महायुद्धाचे निमित्त पुरविले ते तर आमच्याच नमुन्याचे, बोअर मात्र थोडे मोठे. आणि ३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली, ती बेरेटा कारखान्याच्या अशाच एका खिशातल्या पिस्तुलाने.

ही सारी कृत्ये एका तागडीत घालून तोलता येणार नाहीत, आणि त्यांचा न्याय करणे हे या लेखाचे कामही नव्हे. आम्हांस त्यांच्यातील एकच गोष्ट दाखवावयाची आहे. ती शस्त्रे एका दिवसासाठी जवळ घेतलेली होती. माणूस ठरलेला, स्थळ ठरलेले, वेळ ठरलेली. शस्त्र त्या घटकेपुरते. दुसऱ्या दिवशी ते पुसून ठेवावे लागेल, तेल द्यावे लागेल, त्याचा परवाना फिरून काढावा लागेल, ही चिंता त्यांतल्या कोणालाच नव्हती. आमच्या धर्मशास्त्राने कर्मांचे नित्य आणि नैमित्तिक असे भेद केले आहेत. ते शस्त्रांना लावले, तर इतिहासात नाव मिळवून बसलेली शस्त्रे सारी नैमित्तिक होत. आमचे शस्त्र नित्य आहे.

नित्यकर्माचे एक मोठे चमत्कारिक लक्षण शास्त्रकार सांगतात. ते केल्याने पुण्य म्हणून काही पदरी पडत नाही. न केले तर मात्र प्रत्यवाय लागतो. आम्ही हे लक्षण लहानपणी संध्येच्या संदर्भात ऐकले आणि कंटाळून सोडून दिले. पिस्तूल वागवू लागल्यावर ते अक्षरशः पटले. रोज सायंकाळी घरी आल्यावर प्रथम मॅगझिन काढावयाचे. मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्याने पाहावयाचे, आणि डोळ्यावर विश्वास न ठेवता करंगळीने चाचपून पाहावयाचे. हा क्रम उलटला, तर काढून घेतलेल्या काडतुसाच्या जागी मॅगझिनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसते, आणि पिस्तूल रिकामे झाले अशा समजुतीने मनुष्य भरलेले पिस्तूल फडताळात ठेवतो. हे वीस वर्षे रोज केल्याबद्दल आम्हांस कोणी शाबासकी दिलेली नाही, देणारही नाही. एक दिवस चुकले, तर मात्र काय होईल हे सांगावयास नको.

याखेरीज कापडाची कीस आहे. खिशात किंवा कमरेला राहणाऱ्या यंत्रात ती कोठून शिरते हे ब्रह्मदेवासही उमगणार नाही. आठ दिवसांत नळीच्या तोंडाशी आणि मॅगझिनच्या ओठांशी राखाडी लव जमते. घाम आहे, त्यातील मीठ पोलादाच्या काळ्या झिलईवर आधी तांबूस ठिपका उठविते आणि मग खड्डा पाडते. पावसाळ्याचे चार महिने तर गंजाचेच. तेल द्यावे, पण तेही बेताचे. अधिक झाले तर धूळ धरते आणि काडतुसाच्या बुडाशी झिरपून दारू निकामी करते. ०.३२ च्या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली, तर दोन्ही एकमेकांत रुतून बसतात आणि ऐन वेळी यंत्र अडते. म्हणून प्रत्येक काडतूस पुढे सरकवून बसवावे लागते. वर्षभर अंगावर वागविलेली काडतुसे आम्ही दर वर्षी नेमबाजीच्या मैदानावर उडवून टाकतो आणि नवी भरतो. अण्णांनी ३१ वर्षांत मैदानाबाहेर एकही गोळी उडविली नाही, आम्हीही नाही. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात ही गोष्ट त्यांनी दोनदा बोलून दाखविली. पेढीची भरभराट त्यांनी एकदाही बोलून दाखविली नव्हती.

जी वस्तू रोज हाताळावयाची तिच्यात सुधारणा करावी असे कोणासही वाटेल, आणि आम्हांसही वाटले. कायद्याप्रमाणे शस्त्राची दुरुस्ती हे परवाना असलेल्या कारागिराचेच काम. म्हणून आम्ही एका वृद्ध बंदूककाराकडे गेलो. त्यांनी पिस्तूल उलगडून फडक्यावर मांडले, बराच वेळ पाहिले, आणि आमच्या डोक्यात असलेल्या अकरा सुधारणांपैकी चार मान्य केल्या. स्लाइडची आणि मॅगझिनची स्प्रिंग थकली होती, ती बदलली. या नमुन्यात गोळी सुटताना नळीचे तोंड बंद ठेवण्याचे काम केवळ स्लाइडचे वजन आणि ती स्प्रिंग यांवरच असते, म्हणून ही सुधारणा नव्हे, कर्तव्यच होय, असे ते म्हणाले. मुठीच्या मूळच्या पट्ट्यांस तडे गेले होते. त्यांच्या जागी शिसवीच्या बसविल्या, किंचित जाड. त्यामुळे घामेजल्या हातातही पकड राहते. पन्हळीत बुडालेली नेमाची खूण आमच्या चाळिशीच्या चष्म्यास दिसेना, तिच्यावर पांढऱ्या रंगाचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिला. आणि चौथी सुधारणा पिस्तुलाला नव्हे, तर ते वागविण्याच्या रीतीला. कोटाच्या खिशात ते सैल हेलकावत असे. आम्ही कोल्हापूरच्या एका चर्मकाराकडून त्यास बेतशीर म्यान शिवून घेतले. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले ताठ चामडे, ज्यात चाप पूर्ण झाकला जातो आणि मुठीखेरीज काही हाताला लागत नाही. पुढे २०१६ च्या शस्त्रनियमांनी सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल म्यानात आणि पूर्ण झाकलेले असले पाहिजे असे ठरवून दिले, तेव्हा कोल्हापूरच्या त्या कारागिराने ही गोष्ट कायद्याच्या आधीच जाणली होती असे आम्हांस वाटले. एक पथ्य त्याने आवर्जून सांगितले : ‘मालक, रात्री हत्यार चामड्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं.’

उरलेल्या सात सुधारणा बंदूककारांनी नाकारल्या, आणि त्यांतल्या दोन सांगण्यासारख्या आहेत. मॅगझिन काढल्यावर चाप अडविणारा जो लहानसा तुकडा आहे तो काढून टाकला, तर चाप अधिक सुरेख चालतो असे आम्ही ऐकले होते. चाप ओढावयास लागणारे बळ कमी करावे अशीही आमची इच्छा होती. वृद्ध गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, ‘तुम्हांला गोळी सोडायची घाई कधी झाली होती?’ आम्ही म्हटले, ‘कधीच नाही.’ ‘मग हलका चाप कोणासाठी?’ या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

सुधारणेचा हा छंद जेथे परमावधीला पोचला आहे तो देश अमेरिका. तेथे निम्म्याहून अधिक राज्यांत सज्ञान माणसास परवान्यावाचून पिस्तूल झाकून वागविता येते, आणि रोज वागविण्याजोगे पिस्तूल बनविणे हा तेथे मोठा व्यापार आहे. रूगर कारखान्याने २००८ साली काढलेले एल. सी. पी. नावाचे पिस्तूल आमच्या पिस्तुलाच्या निम्म्याहूनही हलके असून विजारीच्या खिशात असल्याचे ध्यानातही राहत नाही. मात्र निसर्गाचा हिशेब तेथेही चुकत नाही : पिस्तूल जितके हलके तितका हाताला बसणारा झटका मोठा; नळी जितकी आखूड तितके नेमाच्या दोन खुणांतील अंतर कमी आणि नेमाची चूक अधिक; मूठ जितकी छोटी तितकी करंगळी हवेत. मग ज्याने त्याने त्यावर उपाय योजावे : करंगळीला आधार देणारे मॅगझिनचे लांब बूड, मुठीवर चढवावयाची रबरी पिशवी, अंधारात चमकणाऱ्या खुणा, हलका चाप. एवढे करून वस्तू थोडी मोठी आणि थोडी जड होते, म्हणजे लहानपणासाठी जी घेतली तिचे लहानपण सुधारणेत जाते. या उद्योगाला आम्ही हसत नाही. आमच्या अकरा सुधारणांची यादी त्याच जातीची होती. परंतु त्या सर्व खटपटीचा रोख कोठे आहे हे पाहिले पाहिजे. धोका दिसल्यापासून गोळी सुटेपर्यंत जो काळ जातो तो शक्य तितका कमी करावा, हे त्या सुधारणांचे ध्येय आहे. तेथील माणूस पिस्तूल बहुधा चेंबर भरून वागवितो ते याच कारणाने.

आम्ही चेंबर रिकामे ठेवतो. अण्णाही तसेच ठेवीत. एक तर जुन्या यंत्राने भरल्या चेंबरनिशी जमिनीवर आपटावे आणि उडू नये अशी अपेक्षा करणे शहाणपणाचे नाही. पण खरे कारण निराळे आहे. चेंबर रिकामे असले, की पिस्तूल काढल्यानंतर दुसऱ्या हाताने स्लाइड मागे ओढून सोडावी लागते. या क्रियेस अर्धा क्षण, फार तर एक क्षण लागतो. तेवढ्यात प्राण जाऊ शकेल, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो खोटा नाही. रात्री एकटी गाडी चालविणारी स्त्री किंवा ज्याचा जीव घेण्यास कोणी टपलेलाच आहे असा मनुष्य, यांचा हिशेब निराळा असू शकेल. परंतु आमच्यासारख्याच्या आयुष्यात त्या अर्ध्या क्षणामुळे प्राण जाण्याचा संभव किती, आणि त्या अर्ध्या क्षणाच्या अभावी दुसऱ्याचा प्राण घेतला जाण्याचा संभव किती, हे दोन्ही पारड्यांत घालून आम्ही पाहिले आहे. तोलण्याचाच आमचा धंदा. कायदाही स्वसंरक्षणासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरण्याचा हक्क देतो. तो भारतीय दंडविधानात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. आवश्यक किती हे ठरवावयास मनुष्यास थोडा अवधी लागतो. तो अवधी आम्ही यंत्रातच बसवून घेतला आहे, इतकेच.

या अवधीची खरी परीक्षा दरोडेखोरांपुढे झाली नाही. ती झाली २०११ साली पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर, दिवाळीच्या खरेदीच्या गर्दीत, गाडी लावण्याच्या जागेवरून. आम्ही, आमचे कुटुंब आणि चौदा वर्षांची कन्या असे तिघे होतो. जागा आमची होती. मागून आलेल्या एका तरुणाने ती बळकावू पाहिली, आणि शब्दाला शब्द लागण्यापूर्वीच त्याने आमची कॉलर धरली. त्याने जे शब्द उच्चारले ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. ते आमच्या आईविषयी होते. त्याचा श्वास आमच्या तोंडावर येत होता आणि त्याची कोपर आमच्या कमरेपासून वीतभर अंतरावर होती. त्या वेळी आमच्या मनात राग नव्हता असे नाही. पण रागाच्याही वर एकच विचार होता, की याचा हात खाली जाता कामा नये आणि आमचाही. आम्ही दोन्ही हात छातीपर्यंत वर केले आणि म्हणालो, ‘माफ करा, तुम्ही लावा गाडी.’ त्याने कॉलर सोडली, आणखी एक शब्द फेकला आणि गाडी लावली. आम्ही नदीपलीकडे जाऊन गाडी उभी केली आणि खरेदी न करताच परतलो.

परतीच्या वाटेवर कन्या एक अक्षर बोलली नाही. जेजुरीच्या अलीकडे तिने खिडकीबाहेर पाहतच विचारले, ‘बाबा, तुम्ही घाबरलात?’ तिला पिस्तूल ठाऊक होते. दर खंडेनवमीला त्यावर फूल तीच वाही. ज्याच्याजवळ एवढे शस्त्र आहे तो बाप एका उडाणटप्पू पोरापुढे हात जोडतो, हे तिच्या हिशेबात बसत नव्हते, आणि कोणाच्या बसावे? आपल्या मुलीच्या डोळ्यांतून उतरण्याहून मोठा अपमान बापाला नाही. आम्ही तिला एवढेच सांगितले, की हो, घाबरलो. पण त्याला नाही. तिला ते त्या वेळी कळले नाही. घरी येऊन आम्ही नेहमीप्रमाणे मॅगझिन काढले, चेंबर पाहिले, करंगळीने चाचपले. त्या रात्री करंगळी कापत होती.

रिकाम्या हाताच्या माणसाला भांडणाचा हक्क असतो. तो चार शब्द ऐकेल, पाच ऐकवील, प्रसंगी दोन देईल, दोन घेईल. आणि दुसऱ्या दिवशी दोघेही चहा पितील. आम्हांला तो हक्क नाही. आमच्या प्रत्येक भांडणात एक पिस्तूल आधीपासूनच हजर असते. झटापटीत ते निसटले, कोणाच्या हाती लागले, तर क्षुल्लक बोलाचालीचा शेवट पंचनाम्यात होईल. म्हणून ज्या दिवशी पिस्तूल कमरेला लावले त्या दिवशी रस्त्यावरचा राग आम्हांस फडताळात काढून ठेवावा लागला. हे आमचे मोठेपण नव्हे. आम्ही मुळात शीघ्रकोपी आहोत, आणि याचा पुरावाही घरात उपलब्ध आहे : निवडणुका आल्या, की परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचा हुकूम पुष्कळदा निघतो, त्या काही आठवड्यांत आमचा आवाज चढतो आणि रिक्षावाल्यांशी आमचे खटके उडतात, असे आमच्या कुटुंबाचे निरीक्षण आहे. एका निवडणुकीनंतर शस्त्र परत घेऊन आलो, तेव्हा त्यांनी ‘आता बरं झालं, शांत व्हाल’ असे म्हटल्याचे स्मरते. पहिल्या पक्षाच्या ताठ कण्याविषयी आमचे काय म्हणणे आहे ते यावरून समजावे.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मात्र आम्हांस इतक्या सहज बाजूला सारता येत नाही. शस्त्र जवळ असले की मनुष्य सगळीकडे शत्रू पाहू लागतो, असे ते म्हणतात, आणि यात तथ्य आहे. रस्त्याने मागे येणारी मोटारसायकल आम्ही इतरांपेक्षा अधिक वेळ आरशात पाहतो. उपाहारगृहात भिंतीकडे पाठ करून बसतो. ही सावधगिरी पिस्तुलाने शिकविली की धंद्याने, हे सांगणे कठीण. पण अण्णांनी घालून दिलेला एक नियम या भीतीला बांध घालतो. माल गेला तर जाऊ द्यावा. सोन्याचा विमा असतो. शस्त्र जिवासाठी आहे, जिनसेसाठी नव्हे. हा नियम एकदा पक्का केला, की संशय घेण्याजोगी माणसे जगात बरीच कमी होतात. कारण बहुतेकांना आपल्याजवळची वस्तू हवी असते, आपला जीव नको असतो.

२०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षांची झाली आहे, आणि आमची मुदत या वर्षी संपत आहे. साठी जवळ आली. स्लाइड ओढताना मनगट दुखते. कन्या आता अठ्ठावीस वर्षांची आहे, पेढीचे हिशेब तिच्या हाती आहेत आणि कारागिरांकडील फेऱ्याही तीच करते. रोकड आता बँकेतून जाते. पण सोने तारेवरून जात नाही. तेव्हा नूतनीकरण करावे, की पिस्तूल विक्रेत्याकडे देऊन टाकावे, की तिने स्वतः अर्ज करावा, हा प्रश्न घरात निघाला. आम्ही काहीच मत दिले नाही. तिने आठ दिवस घेतले. मग एका सायंकाळी आम्ही चेंबर पाहत असता ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, ‘बाबा, मी अर्ज करते. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, त्याची चौकशीही केली आहे. पण एक सांगा, लक्ष्मी रोडवर जे केलंत, ते मला रोज करावं लागेल ना?’

आम्ही म्हटले, रोज. बहुतेक दिवशी कोणाला दिसणारही नाही.

तिने मान हलविली, आणि अर्जाला किती छायाचित्रे लागतात ते विचारले.